सात किलो

उल्हास हरिकंत्र म्हणाला, बॅग सात किलोची.
वर एक चमचासुद्धा नको,
'टिटवी' लहान आहे, ती सगळं मोजते.

मी निपाणीतली. हायवेच्या कडेला माझं मशीन.
तीस वर्षं ट्रकांना पांघरुणं शिवली,
तंबाखूच्या बोदांना, गुळाच्या ढेपांना.
पाणी आत येऊ नये, एवढंच माझं शास्त्र.
समुद्र बघितला दोनदा,
दोन्ही वेळा चप्पल हातात धरून.

मग त्याचं फाटकं शीड आलं, कारवारहून, टेम्पोतनं.
दुकानात मावेना. घरात मावेना.
यमगर्णी रोडच्या मंगल कार्यालयात
तीन दिवस लग्नाची तिथी नव्हती, तिथं पसरलं
आणि गुडघ्यांवर रांगत शिवलं.
"शिडाला पोट असतंय," तो फोनवर सांगायचा,
"ताडपत्रीगत सपाट ताणू नका."
हे मला कळलं. दोन बाळंतपणं झालीत माझी.
वरच्या कोपऱ्यात कुणाच्या तरी लग्नाची अक्षत
शिवणीत गेली. उसवली नाही.

पैसे घेतले नाहीत. म्हटलं, मला ने.
कवरत्तीपर्यंत. तीन रात्री,
वारा असला तर.

अर्जात रकाना होता: समुद्राचा अनुभव.
मी लिहिलं, शिवणकाम.
ठाण्यातला कारकून मराठीत हसला
आणि कन्नडमध्ये शिक्का मारला.

जत्राटच्या विहिरीत पोहायला शिकले, त्रेपन्नाव्या वर्षी,
सुनेचा जुना पंजाबी ड्रेस घालून,
कमरेला तेलाचे दोन रिकामे डबे.
काठावरची पोरं ओरडली,
मावशी, डबेच पोहूलालेत की!

गाठी मात्र येत होत्या. नावं तेवढी वेगळी.
नवी एकच: बोलाइन.
ओझ्याखाली सुटत नाही,
ओझं उतरलं की बोटानं उकलते.
अंधारात जमली पाहिजे, म्हणून दिवे घालवून बांधते,
खाटेच्या पायाला, नळाला,
भरमाच्या मनगटाला, तो झोपला की.
झोपलेला नसतो. हात काढून घेत नाही.

दिवसा एकेक विचारतो.
मध्ये कुठं दुकान लागतंय का?
नाही.
पोटात ढवळलं तर थांबवता येतंय का?
नाही.
मग बराच वेळ तंबाखू मळतो.

बारा ते तीन पहारा माझा असणार,
म्हणून आठवडाभर गच्चीवर बसते.
खाली हायवे, एकीकडं कोल्हापूर, एकीकडं संकेश्वर.
गोडाऊनचा इमामसाब खालनं बॅटरी मारतो.
कोण हाय? मीच की.
काय करूलालीस एवढ्या रात्री? पहारा.
मग मी झोपू का, म्हणतो.

जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्याला हिरवा.
नुसता लाल दिसला तर ते डावीकडं चाललंय,
नुसता हिरवा, तर उजवीकडं.
दोन्ही एकदम दिसले
तर ते सरळ आपल्यावर येतंय.
हे पाठ केलं, खरं इथं उपयोग नाही.
इथं पांढरा म्हणजे येणारा, लाल म्हणजे गेलेला,
आणि मधल्या काळोखात एखादी ताडपत्री फडफडते,
आवाजावरनं ओळखते, माझी नाही.
माझी फडफडत नाही.

चौकातल्या दुर्गाप्पानं चपलेच्या कातड्याचा
तळहात शिवून दिला, जाड सुई रेटायला.
मेणाचा दोरा, सुया पाच, आलं, बॅटरी,
दोन ड्रेस, गोळ्या, शिट्टी.
किराणा दुकानाच्या काट्यावर: सात किलो दोनशे.
सुया काढणार नाही.
दर्याला द्यायचा नारळ होता,
तो काढला. दुकानदारालाच दिला.

आता सहा सातशे.
भरमा काट्याकडं बघत राहिला.
तीनशे ग्रॅम मोकळे राहिले, त्यात काय घालणार?
बघू, म्हटलं.
तिकडनं काही आणावं लागलं तर.